तापमामांचा तळहात

तापमामांना आईबापांनी ठेवलेलं एक रीतसर नाव होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. गॅरेजात, चहाच्या टपरीवर आणि खुद्द घरात जावयाच्या तोंडीही ते तापमामाच होते. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा डोक्याला ताप देत असेल. तसा तो द्यायचाही. पण नावाचं मूळ वेगळं होतं. आजारी पोराच्या कपाळाला आई हात लावते, तसा मामा गाडीच्या पोटाला हात लावायचे आणि ताप किती, कशाने आणि उतरेल की नाही ते सांगायचे.

त्यांची एक रीत होती. चालून आलेल्या गाडीखाली पाठीवर सरकत जायचं, गिअरच्या गरम पेटीवर उजवा तळहात सपाट टेकवायचा आणि घरातली माणसं मोजायची. आई, बाप, बहीण, बायको, लेक, जावई. घाई करायची नाही, प्रत्येकाला त्याचा मान द्यायचा. आईपाशीच हात मागे आला, तर गाडी जागची हलवायची नाही. बायकोपर्यंत टिकला, तर तेल बघायचं. जावयापर्यंत पोचला, तर गाडी खुशाल न्यावी. लेकीच्या लग्नाआधी ही मोजणी लेकीपाशीच संपत असे. लग्न झाल्यावर मामांनी जावयाला शेपटीला जोडलं आणि त्याला सांगितलं की, जावईबापू, तुमच्यामुळे आमची परीक्षा कडक झाली, आता हात जास्त वेळ भाजून घ्यावा लागतो.

एका ट्रकवाल्याने एकदा त्यांची गंमत करायची ठरवली. ट्रक आदल्या दिवसापासून उभा होता, आणि हा म्हणाला की आत्ताच घाट चढून आलोय, जरा बघा. मामा खाली गेले, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले की गाडीला ताप नाही, मालकालाच काहीतरी झालंय, मामाला मामा बनवायला निघालाय. हा किस्सा त्या रस्त्यावर इतक्या वेळा सांगितला गेला की शेवटी शेवटी त्यात तीन ट्रक आणि एक पैज आली.

लोकांना असल्या गोष्टी फार आवडतात. पण एकदा का एखाद्याच्या हाताला गुण आहे असं ठरलं, की त्या हाताला चुकायची मुभा उरत नाही. आणि ज्याचा तो हात असतो त्यालाही मग दुसरं काही उरत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. त्यात लेक, जावई आणि ते स्वतः. शिक्षण बेताचं, बोलणं खवचट, गुडघे कुरकुरणारे. मिरवायला काही होतं तर तो उजवा तळहात.

तोच मरायला लागला.

सुरुवात नट सांडण्यापासून झाली. चिमटीत धरलेला नट चिमटीत आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळेना. मामांनी आधी नटांना शिव्या घातल्या, मग चष्म्याला, मग गॅरेजच्या मालकाने आणलेल्या स्वस्त हातमोज्यांना. चहाचा ग्लास हातात धरून बसायचे आणि चहा गार झालाय की गरम आहे ते तोंडाला लावल्यावर समजायचं. डावा हातही त्याच वाटेने निघाला होता. मामा स्वतःला सांगायचे, वय झालं, कातडी जाड झाली.

ते पकडले गेले ते सिस्टरांकडून. सिस्टर म्हणजे वरच्या वस्तीच्या दवाखान्यातल्या नर्स. त्या खाली राहायच्या आणि औषधं, लशी घेऊन जीपने वर जायच्या. मोठ्या आवाजाच्या, सगळ्यांना दटावणाऱ्या, आणि म्हणूनच सगळ्यांना हव्याशा. एकदा जीपची वाट बघत गॅरेजात बसल्या असताना त्यांना दिसलं की मामांच्या बोटातून रक्त गळतंय आणि मामा त्याच बोटाने मजेत पाना फिरवतायत. बोटात पोलादाची बारीक कपची घुसली होती. सिस्टरांनी ती काढली, आणि मग मामांना डोळे मिटायला लावून तळहातावर टाचणी टोचायला घेतली. लागलं की सांगा, म्हणाल्या. मामा सांगत गेले, हो, लागलं. आता? हो. आता? लागलं की. डोळे उघडले तेव्हा टाचणी केव्हाची सिस्टरांच्या पदराला लावलेली होती.

सिस्टर नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत, आणि मामांना त्याचीच भीती वाटली. साखरेने नसा मेल्यात, त्या म्हणाल्या. गेलेलं परत येणं कठीण, उरलेलं सांभाळा. गोळ्या दिल्या. यापुढे गरम पेटीवर हात ठेवायचा नाही, असं बजावलं. मामांनी त्यांना एकच विनवलं, कोणाला सांगू नका. लेकीलाही नको. सिस्टर एका अटीवर कबूल झाल्या. मालकाने ताप मोजायची गन आणून ठेवली होती. लांबून रोखून खटका दाबला की आकडा दाखवणारी. तिच्यावरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं, कारण मामांच्या गॅरेजात तिला विचारतो कोण? ती भिंतीवर खिळ्याला लटकून होती. यापुढे तिनेच बघायचं, सिस्टर म्हणाल्या. मामांनी मान डोलावली.

आणि गन खिळ्यालाच राहिली. चार माणसांसमोर ती काढायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आज गन का, मामा? असं कोणीतरी विचारणारच. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. मामा पूर्वीसारखेच पेटीवर हात टेकवायचे, ओठ हलवायचे, पण खरी परीक्षा डोळ्यांनी आणि नाकाने घ्यायचे. तेलाचा रंग, जळका वास, पेटीभोवती थरथरणारी हवा. चाळीस वर्षांचं शहाणपण नुसतं हातात नसतं. बरेच दिवस निभावलं, आणि निभावलं म्हणून धीर चेपला. मला विचाराल तर तिथेच घात झाला. पहिल्याच आठवड्यात एखादी साधी गाडी चुकली असती, तर पुढचं टळलं असतं.

मग जीप आली.

ही जीप जावईच चालवायचा. फोर-व्हील, जुनी, गॅरेजच्या मालकाचीच. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फरची पेटी असते. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणं, हे तिचं काम. वरच्या वस्तीचा रस्ता इतका उभा आणि दगडांचा होता की मालकाने एकीला चिकटून दुसरी अशी दोन पेट्यांची डबल ट्रान्स्फर बसवून घेतली होती. त्यामुळे जीप माणसाच्या चालीने चढायची, पण कितीही भार घेऊन चढायची. चालकापुढे लिव्हर मात्र वाढले होते. त्यातला एखादा अर्धवट मध्येच राहिला, तर चाकांचा इंजिनाशी संबंधच तुटायचा. म्हणून मालक ही जीप जावयाशिवाय कोणाच्या हाती देत नसे.

जावयाची तक्रार साधी होती. वरून उतरून आलं की पायाखालची फरशी तापते, बूट काढून बसावंसं वाटतं, आणि करपल्यासारखा वास येतो. मामांनी त्याला उलटसुलट विचारलं. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावलेली राहते का? नाही. चारही टायर एकाच मापाचे? तेच. एखादा टायर झिजलेला, एखादा नवा असला तर पेट्या आपसांत ओढाताण करून तापतात, म्हणून मामांनी दोरी घेऊन चारही चाकं मोजली. सारखी होती. वर चढताना तापते की उतरताना? जावई विचार करून म्हणाला, उतरल्यावर. मामांचे डोळे चमकले.

त्यांनी दोन्ही पेट्यांचे बूच खोलले. पुढच्या पेटीतून काळं, फेसाळ तेल भसाभसा आलं, पाहिजे त्याच्या दीडपट. मागच्या पेटीतून आलं जेमतेम वाटीभर. मामा खुशीत हसले. दोन पेट्यांच्या मधलं, तेल अडवणारं रबरी सील कडक होऊन फाटलं होतं. उतारावर जीपचं नाक खाली झालं की मागच्या पेटीतलं तेल पुढे झिरपायचं, आणि परत यायला सीलचा ओठ त्याला वाट देत नसे. एकीला अजीर्ण आणि दुसरीला उपास, मामा म्हणाले, आणि दोघींनाही ताप. गॅरेजात सगळे हसले. जावयाने लेकीला हाक मारून सांगितलं, मामांनी पुन्हा एकदा नाडी पकडली. ती दारात उभी राहून बघत होती, आणि बापाचा अभिमान तिच्या तोंडावर लपत नव्हता.

इथपर्यंत सगळं खरोखर बरोबर होतं. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकल्यावर लोक मागचंही विसरतात.

तेलाच्या उपासाने मागच्या पेटीतलं बेअरिंग खरवडलं होतं. मामांनी नवं मागवलं, नवं सील बसवलं, कोंदलेली हवेची नळी साफ केली. बेअरिंग बसवताना त्याच्यामागे कागदासारख्या पातळ चकत्या घालून ते नेमकं कसावं लागतं. सैल राहिलं तर खडखडतं, जास्त कसलं तर तापून धरतं. किती कसायचं ते मामा बोटांनी ठरवत. शाफ्ट, म्हणजे पेटीतला फिरता दांडा, दोन बोटांत धरून फिरवायचा, आणि पाण्यात हात फिरवताना लागते तेवढी ओढ लागली की थांबायचं. त्यांच्या गुरूने तसं शिकवलं होतं, आणि त्यांनी कधी दुसरा मार्ग वापरला नव्हता.

मामांनी शाफ्ट फिरवला. ओढ लागेना. सैल आहे, ते पुटपुटले आणि चकती बदलली. तरी लागेना. आणखी एक बदलली. शेवटी बोटांना नाही, पण मनगटाला काहीतरी अडल्यासारखं वाटलं, तिथे ते थांबले आणि झाकण लावलं. मनगटाला जाणवेल इतकी ओढ म्हणजे किती, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं मला वाटत नाही. आला असणार, आणि त्यांनी त्याला बाहेर उभं केलं असणार.

जावयाने जीप जवळच्या चढावर नेऊन आणली. मामा खाली सरकले. पुढच्या पेटीवर हात टेकवून माणसं मोजली, मग मागच्या पेटीवर. आई, बाप, बहीण, बायको, लेक, जावई. हात हलला नाही. जावईही शेजारी सरकून आला होता. त्याने सहज मागच्या पेटीला बोटं लावली आणि झटक्यात मागे घेतली.

“मामा, चटका बसला मला. जास्त नाही वाटत?”

“ड्रायव्हरचा हात मऊ,” मामा म्हणाले. “नवं बेअरिंग आहे. बसेपर्यंत थोडं तापणारच.”

जावयाने भिंतीवरच्या गनकडे बघितलं. ती काढू का, असं त्याच्या तोंडावर आलेलं होतं. पण मामा पेटीवर हात ठेवून अजून तसेच पडून होते, मजेत, जणू थंड फरशीवर हात ठेवलाय. त्याने बोटं पँटला पुसली आणि तो विषय सोडला.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर लेकीने ताट पुढे केलं आणि ती थबकली. मामांच्या तळहाताच्या मधोमध पांढरा, टम्म फुगलेला फोड होता. तिने हात ओढून दिव्याखाली धरला. कुठे भाजलं, तिने विचारलं. सायलेन्सरला लागला असेल, मामा म्हणाले. आणि कळलं नाही? कामात होतो. तिने मलमाची डबी आणली आणि तोंडाने बडबडत, पण बोटाने अगदी हलकं, मलम लावून दिलं. घरात एक तेवढा हात कामाचा आहे, तोही सांभाळता येत नाही तुम्हाला, म्हणाली. मामा तिच्या बोटाकडे बघत राहिले. ते आपल्या हातावरून फिरतंय हे त्यांना फक्त दिसत होतं.

त्या दिवशी ते सायलेन्सरच्या जवळपासही गेले नव्हते. फोड कशाचा ते त्यांना तत्क्षणी समजलं. पेटी नुसती कोमट नव्हती, कातडी उकलेल इतकी तापली होती, आणि आपण तिच्यावर सहाही माणसं मोजून बसलो होतो. उठून जावयाला सांगायला हवं होतं. जावई शेजारच्या खोलीत होता, मध्ये एक पडदा. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, आणि उद्यापासून आपण कोण? मामांनी स्वतःशी तडजोड केली. सकाळी कोणी यायच्या आत गनने बघू. आकडा जास्त निघाला तर पेटी उघडायला काहीतरी निमित्त काढू.

सकाळी त्यांनी जीप आवारातच पुढे-मागे फिरवून पेटी तापवली आणि गन खिळ्यावरून काढून प्लास्टिक फाडलं. खटका दाबला. आकडा उमटेना. आतले सेल पडून पडून फुगले होते, त्यांचा पांढरा चिकट रस सगळीकडे पसरला होता. मामा गन हातात घेऊन उभे असतानाच जावई आवरून आला, पाठोपाठ सिस्टर. वस्तीत तापाची साथ होती, त्यांच्या खांद्याला लशींची पेटी होती आणि त्यांना घाई होती. मामांनी गन पाठीमागे धरली.

सिस्टरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. जावई सामान चढवत होता. त्या मामांच्या जवळ आल्या आणि आवाज उतरवून बोलल्या.

“मामा, हाताने नाही ना बघितलं? गनने बघितलं ना?”

“हो,” मामा म्हणाले. “गनने.”

सिस्टरांनी त्यांच्या दंडावर थोपटलं, शहाण्या मुलाला थोपटतात तसं, आणि जीपमध्ये चढून बसल्या. जीप वळणापलीकडे जाईपर्यंत मामा बघत उभे होते. मध्ये एकदा त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. समोरच टपरीवाला उभा होता, त्याने विचारलं, काय मामा? ते म्हणाले, काही नाही.

चढ चढून झाला. अपघात परतीच्या उतारावर झाला. जीप वळणावर आडवी होऊन कडेवरून खाली गेली. सिस्टर जागच्या जागी गेल्या. जावयाला लोकांनी पत्रा कापून काढलं, आणि त्याचा उजवा पाय दवाखान्यात गुडघ्याखाली कापावा लागला.

मग लोकांनी कारण शोधायला घेतलं. अशा वेळी कारण लवकर सापडावं लागतं, नाहीतर झोप लागत नाही. ब्रेक शाबूत होते. पेटी? पेटी तर आदल्या दिवशी मामांनी हाताने बघितली होती. मग राहिला ड्रायव्हर. लिव्हर मध्येच राहिला असणार, गाडी मोकळी सुटली असणार. टपरीवर हे दोनदा बोललं गेलं आणि तिसऱ्यांदा ते सत्य झालं. मालकाने तरीही मोडकी जीप ओढून आणली आणि मामांना म्हणाला की एकदा पेटी उघडून बघा, तुमच्याच घरचा माणूस आहे. मामांनी दार लोटून एकट्याने पेटी उघडली. मागचं बेअरिंग निळं-काळं पडलं होतं आणि त्याचे रूळ कड्याला डसून एकजीव झाले होते. एका चकतीइतकं जरी कमी कसलेलं असतं, तरी ते फिरत राहिलं असतं. मामा कितीतरी वेळ त्याच्यासमोर उकिडवे बसून होते. मग झाकण लावून बाहेर आले. मालकाने विचारलं, काही निघालं? मामा म्हणाले, पेटी ठीक होती.

हे मी मऊ करून सांगणार नाही. सिस्टरांना सांगितलेलं खोटं लाजेपोटी होतं. हे दुसरं पूर्ण समजून सांगितलं, आणि ते स्वतःच्या जावयाच्या जिवावर.

जावई घरी आला. खाटेवर भिंतीला टेकून बसायचा आणि नसलेल्या पायाकडे बघायचा. पहिले काही दिवस तो मामांना पुन्हा पुन्हा सांगायचा की लिव्हर जागेवर होता, चांगलं आठवतंय. गाडी मोकळी सुटली नाही, उलट मागून कोणीतरी धरल्यासारखी झाली, मागची चाकं जागीच थिजली. एवढ्या एका वाक्यावरून कोणत्याही मिस्त्रीने दोष सांगितला असता. मामा ऐकून घ्यायचे आणि पाणी आणायला उठायचे. हळूहळू जावयाचं बोलणं बदललं. तुमचा हात काही खोटं सांगणार नाही, तो म्हणायला लागला. माझ्याच हातून काहीतरी झालं असेल, तेव्हा समजलं नसेल. मग तो तसं मानायलाच लागला. लेक दिवसभर राबायची आणि कोणाशी बोलायची नाही. शेजारणींनी तिच्याकडे येणं सोडलं होतं. सिस्टरांनी या बायकांची पोरं वाढवली होती, त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

मामांनी हाताने बघणं बंद केलं. जावयाचं दुःख लागलंय, असं म्हणून लोक त्यांना अजूनच मान द्यायला लागले. तो मान त्यांना गिळवत नव्हता.

एका दुपारी सिस्टरांचा भाऊ आला. शांत, थकलेला माणूस. लेकीने खुर्ची दिली, त्यावर तो अगदी कडेला बसला. स्टोव्हवर जावयाच्या जखमेच्या पट्ट्या धुवायला पाणी उकळत होतं. मामा कोपऱ्यात स्टुलावर होते. भाऊ म्हणाला की तो भांडायला आलेला नाही. पोलीस, कोर्ट त्याला काही करायचं नाही. त्याची आई रोज विचारते, असं कसं झालं, आणि त्याच्याजवळ तिला सांगायला काही नाही.

“तुमची चूक झाली, एवढं एकदा म्हणा,” तो जावयाला म्हणाला. “मी जातो मग.”

जावयाने भिंतीवरची पाठ काढली आणि तो होता होईल तेवढा ताठ बसला.

“झाली,” तो म्हणाला. “माझी चूक झाली. माफ करा.”

लेकीने पदर तोंडाला लावला. भाऊ उठायला लागला. आणि मामांना सहन झालं नाही. इतके दिवस सहन झालं होतं, त्याचं त्यांनाच नवल वाटलं. ते उठले, स्टोव्हपाशी गेले आणि उकळत्या पातेल्याच्या अंगावर त्यांनी उजवा तळहात सपाट टेकवला.

“आई,” ते म्हणाले. “बाप. बहीण.”

कोणाला काही समजेना. लेकीला आधी समजलं. तिने धावत येऊन त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं, पण म्हातारा मुळासकट रोवल्यासारखा उभा होता.

“बायको. लेक.” त्यांनी खाटेकडे बघितलं. “जावई.”

मग त्यांनी हात काढला आणि तिघांना दाखवला. त्यावर बघवत नव्हतं. मामांच्या तोंडावर मात्र वेदनेची एक रेघ नव्हती.

“मला कळत नाही,” ते म्हणाले. “तेव्हाही कळलं नव्हतं. बेअरिंग मी जास्त कसलं, आणि तापलेलं मीच पास केलं. लिव्हर जागेवरच होता.” ते भावाकडे वळले. “तुमच्या बहिणीला हाताचं माहीत होतं. गाडीत चढायच्या आधी तिने मला विचारलं, गनने बघितलं का. मी हो म्हणालो.”

भाऊ उभाच होता. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली, सोडली. मग तो चप्पल घालून निघून गेला. त्याच्या आईला त्याने काय सांगितलं ते कोणाला माहीत नाही.

खोलीत पाणी उकळत राहिलं. जावई स्वतःच्या उजव्या हाताची बोटं बघत होता, एकेक बोट दुसऱ्या हाताने चाचपत.

“मला चटका बसला होता, मामा,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “मी म्हणालो होतो तुम्हाला. मला चटका बसला होता.”

मामांनी मान हलवली. त्यांना त्याच्या पायाशी जाऊन बसायचं होतं, पण कुठल्या पायाशी बसणार? ते तिथेच उभे राहिले.

लेकीने स्टोव्ह बंद केला. कपाटातून मलमाची तीच डबी काढली आणि झाकण उघडून बापाच्या पुढे स्टुलावर ठेवली. मामांनी सवयीने हात पुढे केला. ती नवऱ्याच्या खाटेवर जाऊन बसली, त्याच्याकडे तोंड करून, बापाकडे पाठ करून. मामांचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी दुसऱ्या हाताने डबीत बोट घातलं, आणि ते मलमाला लागलं की नाही हे बघण्यासाठी त्यांना खाली वाकावं लागलं.